७०० वारकऱ्यांना पंगत, मग एकट्या वाटसरूवर संशय का? हिंगोलीची वाट काय सांगते

आषाढी एकादशीच्या महिनाभर आधी शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरपूरकडे निघते. साधारण ७०० वारकरी, हातात भगव्या पताका आणि सातशे किलोमीटरहून जास्त अंतर. अकोला आणि वाशिम जिल्हा ओलांडून ही पालखी पानकनेरगावातून हिंगोली जिल्ह्यात शिरते. पुढे सेनगाव, नर्सी नामदेव, डिग्रस, औंढा नागनाथ, जवळा बाजार असं करत ती परभणीकडे वळते.

या वाटेवरच्या गावांत वारकऱ्याला कुणी आधार कार्ड मागत नाही. नाव, गाव, जात काही न विचारता "या माउली" म्हणून ताट पुढे येतं. झोपायला देवळाचा सभामंडप मिळतो नाहीतर शाळेची खोली उघडली जाते. पायाला फोड आले असतील तर गावातलं कुणीतरी मलम घेऊन बसलेलं असतं.

आता याच महाराष्ट्रातल्या दुसऱ्या दोन तारखा बघा. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागून जगणाऱ्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. १३ सप्टेंबर २०२२ ला सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात पंढरपूरला निघालेल्या चार साधूंना काठ्या-पट्ट्यांनी मारहाण झाली. दोन्ही वेळी कारण एकच होतं. गावात मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा पसरली होती.

अनोळखी माणसाला जेवू घालणारा समाज आणि अनोळखी माणसाला मारणारा समाज वेगवेगळे नाहीत. मग एका अनोळखी माणसाला ताट मिळतं आणि दुसऱ्याला मार बसतो, यामागचं गणित काय? ते समजायला हिंगोलीची वाट उपयोगी पडते.

हिंगोलीच का?

१ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा तसा लहान. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ असे पाचच तालुके. सोयाबीन, तूर, कापूस आणि हळद ही इथली पिकं. बातम्यांमध्ये हिंगोली येते ती बहुतेक वेळा दुष्काळ, अतिवृष्टी किंवा हळदीच्या भावामुळे.

पण पायी चालणाऱ्यांच्या नकाशावर हा जिल्हा मोठा आहे. औंढ्याला नागनाथाचं प्राचीन देवस्थान आहे, ज्याला इथले भाविक बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानतात. नर्सी हे परंपरेनुसार संत नामदेवांचं जन्मगाव. नामदेवांमुळे तिथे वारकरी येतात आणि शीख भाविकही येतात, कारण नांदेडचा हुजूर साहिब गुरुद्वारा शेजारच्याच जिल्ह्यात आहे. औंढा तालुक्यातल्या शिरड शहापूरला मल्लिनाथांचं दिगंबर जैन क्षेत्र आहे आणि वाशिम जिल्ह्यातलं शिरपूर हे अंतरिक्ष पार्श्वनाथांचं क्षेत्रही फार लांब नाही. त्यामुळे विहार करणारे जैन मुनी या भागाला नवे नाहीत.

मराठवाड्यात बौद्ध समाज मोठा आहे, त्यामुळे भिक्खूंची चारिकाही इथल्या माणसाला माहीत असते. जानेवारी २०२३ मध्ये थायलंडहून आलेल्या शंभराहून जास्त भिक्खूंनी शेजारच्या परभणीहून मुंबईपर्यंत धम्म पदयात्रा काढली. फेब्रुवारीत ती दादरच्या चैत्यभूमीवर पोहोचली. या भिक्खूंना मराठी येत नव्हतं आणि वाटेवरच्या लोकांना थाई भाषा कळत नव्हती. तरीही रस्त्याच्या कडेला फुलं, पाणी आणि जेवण घेऊन माणसं उभी होती.

म्हणजे वारकरी, मुनी, भिक्खू, शीख यात्रेकरू आणि भटकंती करणारे गोसावी, या सगळ्यांच्या वाटा या पट्ट्यातून जातात. प्रत्येकाचा देव वेगळा, पंथ वेगळा. पोटाची सोय मात्र एकाच ठिकाणी होते, ती म्हणजे गावातल्या चुलीवर.

हा पाहुणचार आपोआप होतो का?

सोशल मीडियावर वारीचे व्हिडिओ बघताना वाटतं की दिंडी आली, लोकांचं मन भरून आलं आणि जेवण वाढलं गेलं. प्रत्यक्षात यामागे बरीच तयारी असते.

पालखी कुठल्या गावात कधी पोहोचणार, दुपारचा विसावा कुठे, रात्रीचा मुक्काम कुठे, हे सगळं आधी ठरलेलं असतं. वेळापत्रक छापून येतं आणि आजकाल व्हॉट्सअ‍ॅपवरही फिरतं. कुठल्या जेवणाचा यजमान कोण, हेही बऱ्याच ठिकाणी वर्षानुवर्षं ठरलेलं असतं. एखाद्या घराण्याकडे आजोबांपासून चहाची सेवा असते, एखाद्या गल्लीकडे पिठल्याची. ज्याला जेवण घालणं परवडत नाही तो पाण्याची टाकी भरून ठेवतो किंवा ट्रॅक्टर देतो. न्हावी दाढ्या करून देतो, चांभार चपला शिवून देतो, मेडिकलवाला गोळ्या देतो. घरोघरी भाकऱ्या थापल्या जातात आणि टोपल्या एका जागी जमा होतात. कुणाच्या घरातून किती भाकऱ्या आल्या, हे ताटात बसलेल्याला कधीच कळत नाही.

यात दोन गोष्टी सहसा कॅमेऱ्यात येत नाहीत.

पहिली म्हणजे वेळ. जून हा शेतकऱ्याच्या हातात सर्वांत कमी पैसा असण्याचा महिना. बियाणं घ्यायचं असतं, खत घ्यायचं असतं, पीककर्जासाठी बँकेच्या चकरा चालू असतात आणि पावसाचा अजून भरवसा नसतो. गेल्या हंगामातला माल बहुतेकांचा विकून झालेला असतो. अशा महिन्यात शेकडो माणसांची पंगत उठवणं हे उरलेल्यातून दिलेलं दान नसतं. ज्या घरात स्वतःच्या पेरणीची चिंता आहे त्याच घरातून ते पीठ निघतं.

दुसरी म्हणजे कष्ट. पंगतीत वाढताना पुरुष दिसतात, पण शेकडो भाकऱ्या थापण्याचं काम बायकांचं असतं. पहाटे उठून दळण, पाणी, सरपण किंवा गॅस बघायचा, भाकऱ्या करायच्या आणि त्यानंतर पुन्हा शेतात जायचं. गावाचा पाहुणचार म्हणून जे ओळखलं जातं, त्यातला मोठा वाटा या बिनमोबदल्याच्या श्रमाचा आहे.

म्हणून याला नुसती भावना म्हणणं अपुरं ठरतं. ही एक व्यवस्था आहे. गावाने ती पिढ्यान्‌पिढ्या चालवली आहे आणि व्यवस्था आहे म्हणूनच ती दरवर्षी तितक्याच भरवशाने उभी राहते.

मागणाऱ्याचेही नियम असतात

पाहुणचाराची चर्चा करताना आपण देणाऱ्याबद्दल बोलतो. पण घेणाऱ्याचे नियमही तितकेच महत्त्वाचे असतात. पायी चालणाऱ्या प्रत्येक परंपरेने ते फार काटेकोरपणे घालून दिले आहेत.

दिगंबर जैन मुनी दिवसातून एकदाच आहार घेतात. उभ्याने आणि ओंजळीत. घरच्या माणसाने विधिपूर्वक बोलावल्याशिवाय ते दारात शिरत नाहीत. ते वाहनात बसत नाहीत आणि पावसाळ्याचे चार महिने एकाच जागी राहतात. बौद्ध भिक्खू दुपारच्या आत जेवतो. पात्रात पडेल ते घेतो आणि उद्यासाठी साठवून ठेवत नाही. मधुकरी मागणाऱ्याने ठराविक घरीच जायचं, मिळालं नाही तर परत फिरायचं, असा आपल्याकडे दंडक होता. नर्मदा परिक्रमेला निघालेला माणूस वाटेतल्या गावांत आणि आश्रमांत सदावर्त मागतो, म्हणजे एका वेळचा शिधा. तो घेऊन पुढे चालू लागतो.

हे नियम अध्यात्मासाठी आहेतच, पण त्यांचा एक व्यवहारी उपयोगही आहे. दारात उभा असलेला माणूस किती मागणार, हे देणाऱ्याला आधीच माहीत असतं. एक वेळचं जेवण, एक रात्रीचा आसरा आणि सकाळी पुढचा रस्ता. तो घरात राहायला आलेला नाही, पैसा मागत नाही. मागणी छोटी आणि ठरलेली असली की देणाऱ्याची भीती कमी होते.

यातून अनोळखी माणसावर विश्वास कसा बसतो, ते लक्षात येतं. गाव सहसा चार गोष्टी बघतं. हा माणूस कधी येतो, त्याचा वेश काय, तो काय मागतो आणि कधी जाणार. दिंडीच्या बाबतीत चारही उत्तरं आधीच ठाऊक असतात. त्यामुळे ७०० माणसं नावाने अनोळखी असली तरी दिंडी ओळखीची असते.

एकट्या वाटसरूकडे हे काहीच नसतं. त्याच्या येण्याचं वेळापत्रक कुठे छापलेलं नसतं. २०२४ मध्ये राज्य सरकारने वारीतल्या दिंड्यांना प्रत्येकी २० हजार रुपये देण्याची घोषणा केली. ही मदत दिंडीच्या हिशेबाने मिळते, खांद्याला झोळी लावून एकटाच निघालेला माणूस त्या हिशेबात येत नाही. त्याची सगळी भिस्त समोरच्या माणसाच्या मनावर असते.

नामदेवही परक्या मुलखात अनोळखीच होते

हिंगोलीकरांना हा मुद्दा दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही. त्यांच्या जिल्ह्यातला सर्वांत मोठा माणूसच असा वाटसरू होता.

परंपरेनुसार नामदेवांचा काळ १२७० ते १३५०. ज्ञानेश्वरांसोबत त्यांनी केलेल्या तीर्थयात्रेचं वर्णन 'तीर्थावळी'च्या अभंगांमध्ये आहे. पुढे ते उत्तरेत गेले आणि पंजाबात दीर्घकाळ राहिले, असं मानलं जातं. गुरदासपूर जिल्ह्यातलं घुमान हे गाव आजही त्यांच्या नावाने ओळखलं जातं. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत. याच घुमानमध्ये एप्रिल २०१५ मध्ये ८८ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं.

आता यातला साधा भाग बघा. मराठवाड्यातून निघालेला एक शिंपी समाजातला माणूस, ज्याची भाषा वेगळी आणि खाणं वेगळं, तो पायी पंजाबात पोहोचतो. वाटेत कुणीतरी त्याला भाकरी दिली असणार, पाणी दिलं असणार, रात्री आसरा दिला असणार. त्या माणसांची नावं इतिहासात नाहीत. पण त्यांनी दार लावून घेतलं असतं तर नामदेवांची वाणी पंजाबपर्यंत पोहोचली नसती.

नामदेवांना दारातून परत पाठवल्याची आठवणही याच जिल्ह्याने जपली आहे. औंढ्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. देवळासमोर कीर्तन करणाऱ्या नामदेवांना तिथून उठवलं, ते देवळाच्या मागे जाऊन बसले आणि देऊळच त्यांच्याकडे वळलं. आख्यायिका म्हणून ती सोडून दिली तरी ती काय सांगते ते महत्त्वाचं आहे. पाहुणचार सगळ्यांना सारखा मिळत नव्हता, हे लोकांना तेव्हाही माहीत होतं. चोखोबांना विठ्ठलाच्या देवळात प्रवेश नव्हता आणि पंढरपूरचं देऊळ सर्वांसाठी उघडायला १९४७ मध्ये साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. कुणाला "माउली" म्हणायचं आणि कुणाला हटकायचं, यात जातीचा हात कायम राहिला आहे.

राईनपाड्यात काय झालं होतं?

१ जुलै २०१८. रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण तिथे एसटीने उतरले. हा समाज भटक्या जमातींमध्ये मोडतो. गावोगाव फिरून भिक्षा मागणं हा त्यांचा पिढीजात जगण्याचा मार्ग.

त्या आधीचे काही आठवडे मुलं पळवणारी टोळी फिरत असल्याचे मेसेज आणि व्हिडिओ मोबाइलवर फिरत होते. यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलताना दिसला, असं सांगितलं गेलं आणि जमाव गोळा झाला. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत डांबून मारण्यात आलं. त्यात त्यांचा जीव गेला. त्यांना वाचवायला आलेल्या पोलिसांवरही जमाव धावून गेला. २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने या प्रकरणात सात जणांना जन्मठेप सुनावली.

डवरी गोसावी या राज्याला नवीन नव्हते. त्यांचा वेश, झोळी आणि मागण्याची रीत मागच्या पिढीतल्या माणसाला चटकन ओळखू आली असती. पण ही ओळख नव्या पिढीकडे पोहोचलेली नाही. भटक्या समाजांकडे संशयाने बघण्याची सवय मात्र पोहोचली आहे. ती फार जुनी आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून देशातल्या अनेक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं होतं. स्वतंत्र भारतात १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण भटकणारा माणूस म्हणजे चोर, ही समजूत सगळीकडून गेली नाही.

मग भगवे कपडे असते तर वाचले असते का? याचं उत्तर पुढच्या दोन घटनांत आहे. १६ एप्रिल २०२० ला, लॉकडाऊनच्या काळात, पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर चोर असल्याच्या संशयावरून मारले गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये जत तालुक्यातल्या लवंगा गावाजवळ उत्तर प्रदेशातले चार साधू गाडीने पंढरपूरला निघाले होते. त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला आणि तेवढ्यावरून ते मुलं पळवणारे ठरले. पोलिसांनी तपासलं तेव्हा ते खरेच साधू निघाले.

म्हणजे पाहुणचार मिळताना वेशाचा उपयोग होतो, पण अफवा आधी पोहोचली असेल तर भगव्या कपड्यांनीही जीव वाचेलच असं नाही.

अफवा माणसाच्या आधी पोहोचते

पूर्वी वाटसरूची माहिती त्याच्या स्वतःकडून मिळायची किंवा मागच्या गावाकडून. "काल एक बाबा आमच्याकडे होते, आज तुमच्याकडे येतील" असा निरोप गावातून गावात जायचा. माहिती देणारा ओळखीचा असायचा आणि खोटं निघालं तर त्याला जाब विचारता यायचा.

आता माणूस वेशीवर यायच्या आत त्याच्याबद्दलची भीती गावात आलेली असते. ती कुठल्या राज्यातून आली, व्हिडिओ कधीचा आहे, त्यात दिसणारा माणूस कोण, हे पाठवणाऱ्यालाही माहीत नसतं. तो फक्त "काळजी घ्या" म्हणून पुढे ढकलतो. पाठवणाऱ्याचा हेतू बहुतेक वेळा चांगलाच असतो आणि म्हणूनच ही अफवा थांबवणं अवघड जातं. आपण कुणाचं वाईट करतोय, असं कुणालाच वाटत नाही.

जुलै २०१८ मध्ये अशा घटनांनंतर व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच चॅटमध्ये फॉरवर्ड करता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. एप्रिल २०२० मध्ये खूप वेळा फॉरवर्ड झालेल्या मेसेजसाठी ती एका चॅटवर आणली. वेग कमी झाला, पण तोच मेसेज गावाच्या ग्रुपवर गेला की एका क्लिकमध्ये अख्खं गाव वाचतं.

तोच मोबाइल भाकरीही घेऊन येतो

पण सगळा दोष मोबाइलवर टाकला तर चित्र अर्धवट राहील.

ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या फोर्ट वर्थहून बौद्ध भिक्खूंचा एक गट पायी वॉशिंग्टनकडे निघाला. सुमारे ३,७०० किलोमीटरची शांतीयात्रा. त्यांच्यासोबत अलोका नावाचा कुत्रा होता आणि हा कुत्रा मूळचा भारतातला. आधीच्या भारतातल्या पदयात्रेत तो भिक्खूंच्या मागे चालू लागला होता. भिक्खू कुठे पोहोचले, हे रोज ऑनलाइन कळत होतं. लाखो लोक ते बघत होते आणि वाटेवरची माणसं जेवण, फुलं, मोजे घेऊन रस्त्याकडेला थांबत होती. ज्या भागात बौद्ध माणूस क्वचित भेटतो, तिथेही हे घडलं.

इथे मोबाइलने नेमकं तेच केलं जे हिंगोलीत पालखीचं वेळापत्रक करतं. येणारा कोण आहे, कधी येणार, काय मागणार आणि कधी पुढे जाणार, हे त्याने आधी सांगून ठेवलं. राईनपाड्यात मोबाइलने माणसाच्या आधी भीती पोहोचवली, अमेरिकेत ओळख पोहोचवली.

याच यात्रेत एक वाईट प्रसंगही झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये टेक्सासमध्ये भिक्खूंच्या सोबतच्या गाडीला ट्रकने धडक दिली आणि एका भिक्खूला पाय गमवावा लागला. हा धोका आपल्याकडेही आहे. रस्ते रुंद होतात, गाड्यांचा वेग वाढतो, कडेची सावली जाते आणि बायपासमुळे रस्ता गावापासून लांब जातो. पायी चालणारा गावातून जातच नसेल, तर गावाला त्याची ओळखही राहत नाही. दिंड्यांसोबत पोलीस असतात. एकटा चालणारा महामार्गाच्या पांढऱ्या पट्टीवरून एकटाच जातो.

मग अनोळखी माणूस दिसला तर करायचं काय?

सावध राहणं चुकीचं नाही. मुलांची काळजी खरी असते आणि साधूचा वेश घेऊन फसवणारेही असतात. प्रश्न इतकाच आहे की संशय आल्यावर पुढचं पाऊल कुठलं.

गावाकडे यासाठी जुनी सोय आहे, ती म्हणजे पोलीस पाटील. १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमानुसार हे पद चालतं आणि गावातल्या संशयास्पद हालचालींची माहिती पोलिसांना देणं हे पोलीस पाटलाचं काम आहे. ११२ या क्रमांकावर पोलीस आणि १०९८ वर लहान मुलांसाठीची मदत मिळते. तोपर्यंत त्या माणसाला बसवायचं, पाणी द्यायचं, कुठून आलात ते विचारायचं आणि गर्दी होऊ द्यायची नाही. जमाव जमला की विचारपूस संपते, कारण तिथे उत्तर ऐकायला कुणी तयार नसतं.

कायदाही आता स्पष्ट आहे. १७ जुलै २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात नोडल अधिकारी नेमण्याचे आदेश दिले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ (२) नुसार जात, भाषा, जन्मस्थान, श्रद्धा अशा कारणावरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून खून केला तर त्या गटातल्या प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद आहे. खोटी माहिती आणि अफवा पसरवण्याबद्दल कलम ३५३ आहे.

व्हिडिओ फॉरवर्ड करण्याआधी तीनच गोष्टी तपासल्या तरी पुरतात. त्यात गावाचं नाव आणि तारीख आहे का? जवळच्या पोलीस ठाण्याने त्याला दुजोरा दिला आहे का? आणि पाठवणाऱ्याने तो प्रसंग स्वतः पाहिला आहे का? तिन्हींचं उत्तर "नाही" असेल तर तो मेसेज तिथेच थांबवलेला बरा.

खरी कसोटी कुठली?

पालखीचा पाहुणचार पुढची अनेक वर्षं टिकेल, याबद्दल फारशी शंका नाही. त्याला तारीख आहे, यजमान आहेत, सरकार आहे आणि कॅमेरे आहेत. ज्यांच्या घरात जूनमध्ये पैसा नसतो तेही तो टिकवतात, ही हिंगोलीसारख्या जिल्ह्याची खरी श्रीमंती आहे.

पण वारीला मिळणारा मान हा मुळात एकट्या वाटसरूला मिळणाऱ्या भाकरीतून आला आहे. आधी दारात उभा राहिलेला एक भिक्षेकरी होता, त्याला कुणीतरी "थांबा महाराज" म्हणालं. तो दरवर्षी येऊ लागला, मग त्याच्यासोबत माणसं आली आणि पुढे त्याची दिंडी झाली. एकट्याला दार उघडणं बंद झालं तर नव्या ओळखी तयार होणंही बंद होतं. उरतात त्या फक्त आधीच ओळखीच्या झालेल्या दिंड्या.

पालखी जवळा बाजारहून पुढे गेल्यावरही त्या रस्त्यावरून माणसं चालतच असतात. कुणी औंढ्याला निघालेला असतो, कुणी नर्सीला, तर कुणी झोळी घेऊन पुढच्या गावच्या बाजाराला. त्यांच्यापुढे पताका नसते आणि मागे पोलिसांची गाडी नसते. गावाच्या ग्रुपवर त्यांच्याबद्दल काय लिहिलं जातं, यावर त्यांचं त्या दिवसाचं जेवण ठरतं. कधीकधी त्यांचा जीवही.